स्टोअरची दुसरी चाबी

पहाटे ५:२०

एप्रिल लागला की आम्ही गच्चीवर झोपतो. डोळा उघडला की हात आधी उशाखालच्या मोबाईलकडं जातो. रात्रभर दर दहा मिनिटांनी एक नोंद आलेली असते, आणि त्या नोंदींची मिळून एक रेघ होते. काल रात्री साडेनऊला ३५ अंशांवर असलेली रेघ पहाटे ३१ पर्यंत उतरली होती. दार बंद, ट्रे कोरडे, बॅटरी भरलेली. एवढं वाचून झालं की मी उठते.

ही रेघ शाळेतल्या स्टोअरची. जऊळक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तेवीस वर्षांपासून प्रयोगशाळा सहायक आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून दहा बाय बाराची खोली आहे, वर टिनाचं छप्पर. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांना लागणारं सगळं तिच्यात असतं: सल्फ्युरिक, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड, लायकर अमोनिया, ॲसिटोन, स्पिरिट, रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियम, पोटॅशियम परमँगनेट, अमोनियम नायट्रेट. धोकादायक रसायनांच्या साठ्याबद्दलचे १९८९ चे केंद्राचे नियम मुख्यतः मोठ्या साठ्यांसाठी आहेत. आमच्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्या त्यांच्या हिशेबात येत नाहीत. पण स्टोअरच्या भिंतीपलीकडं नववीचा वर्ग भरतो आणि त्यात पंचावन्न लेकरं बसतात. माझा हिशेब तिथून सुरू होतो.

आज एक जास्तीची काळजी होती. उद्या भाचीचं लग्न, अकोल्याला. दोन दिवस मी गावात नसणार.

सकाळी ६:३०

उन्हाळ्यात शाळा सकाळची. साडेसहाला निघाले तरी उन्हाला धार आलेली असते. आमच्या गावाच्या नावापुढं ‘रेल्वे’ लावतात, जऊळका रेल्वे, कारण अकोला-पूर्णा मार्गावर इथं स्टेशन आहे. मी नोकरीला लागले तेव्हा इथून मीटरगेजची गाडी जायची. २००८ मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला आणि लांबच लांब मालगाड्या सुरू झाल्या. मालगाडी गेली की स्टोअरमधल्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. तो आवाज ऐकल्यावर मी सुताराकडून प्रत्येक फळीला पुढून तीन बोटं उंच पट्टी ठोकून घेतली आणि ॲसिडच्या बाटल्या सगळ्यांत खालच्या फळीवर उतरवल्या. डोळ्यांच्या उंचीवर ॲसिड ठेवायचं नाही, हा पहिला नियम मला कुणी शिकवला नाही, मालगाडीनं शिकवला.

७:००

स्टोअर उघडायची माझी रीत ठरलेली. कुलूप काढायचं, दार पूर्ण लोटायचं आणि दोन पावलं मागं सरून उभं राहायचं. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. आत स्पिरिटची किंवा ॲसिटोनची वाफ साचलेली असेल तर बटणातली बारीक ठिणगीही पुरते. मिनिटभरानं खिडकी उघडायची, मग काम. सेन्सरच्या डब्या लावल्या तेव्हा मुलांना वाटलं की आता मॅडम सरळ आत जातील. मी अजूनही थांबते.

डब्या दोन आहेत. आमचाच एक माजी विद्यार्थी अकोल्याला इंजिनिअरिंग शिकतो, त्यानं दिवाळीच्या सुट्टीत येऊन त्या बसवल्या. आत ईएसपी३२ नावाचा बिस्किटाएवढा बोर्ड, पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा. तो वाय-फायवरून नोंदी पाठवतो. त्याला तारांनी जोडलेले सेन्सर: कपाटांत तापमानाचे, दाराच्या चौकटीत चुंबकाचा एक, ॲसिडच्या बाटल्यांखालच्या ट्रेमध्ये गळती कळण्यासाठी एक, आणि वायूचे दोन.

वायूच्या सेन्सरनं आम्हाला सगळ्यांत जास्त विचार करायला लावला. बाजारात स्वस्तात मिळतो तो एमक्यू-१३५. त्याच्या पोटात एक तापणारी तार असते. ती तापल्याशिवाय तो काम करत नाही. ती जाळीत बंद असली तरी ज्या खोलीत पेट घेणारी वाफ असू शकते तिथं तापलेली वस्तू कशी ठेवायची? त्या मुलानं आधी तो स्पिरिटच्या कपाटातच लावला होता. मी काढायला लावला. ज्या धोक्याची राखण करायची त्यालाच काडी लावू शकेल असा राखणदार आत ठेवायचा नसतो. शेवटी दोन्ही डब्या बाहेर व्हरांड्याच्या भिंतीवर गेल्या, कपाटांत फक्त बारीक तारा आणि थंड राहणारे सेन्सर उरले. वायूचा एक सेन्सर दाराबाहेर उंबऱ्याशी आहे, कारण ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा दुपटीनं जड; ती जमिनीवरून पाण्यासारखी सरकत दाराच्या फटीतून बाहेर येते. दुसरा वर झरोक्याबाहेर, कारण अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. दोन्ही सेन्सर एकाच उंचीवर लावले असते तर दोघांपैकी एक वायू त्यांच्या वरून किंवा खालून निघून गेला असता आणि मोबाईलवर ‘ठीक’ असंच दिसत राहिलं असतं.

आज सोमवार, म्हणून तपासणीचा दिवस. कापसाचा बोळा लायकर अमोनियात जरासा बुडवून झरोक्यापाशी धरला. आकडा चढला, बोळा झाकणबंद बरणीत टाकल्यावर हळूहळू उतरला. मग उंबऱ्याशी स्पिरिटचा बोळा. हे दर सोमवारी करते. महिनाभर ‘ठीक, ठीक’ म्हणणारा सेन्सर खरंच ठीक आहे की मुका झाला आहे, हे त्याला वास दिल्याशिवाय कळत नाही.

८:१५

बारावीची परीक्षा संपली, अकरावीची प्रात्यक्षिकंही झाली. एप्रिल म्हणजे साठा पडताळणीचा महिना. नोंदवही मांडीवर घेऊन एकेक बाटली उचलायची, चिठ्ठी वाचायची, झाकण बघायचं, काट्यावर वजन करायचं. मागच्या वर्षीपेक्षा वजन घटलं आणि वापराची नोंद नाही, तर बाटली कुठून तरी श्वास सोडते आहे. किराणा दुकानात असतो तसा साधा काटा आहे, पण झाकण सैल झाल्याचं तो डबीच्या आधी सांगतो.

मी लागले तेव्हा या खोलीत बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमानं लावलेल्या होत्या. दिसायला फार नीटनेटकं. ए खाली ॲसिटोन, त्याला लागून अमोनियम नायट्रेट, म्हणजे जळणारं आणि जळायला प्राणवायू पुरवणारं शेजारी शेजारी. एच खाली हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि त्याच कपाटात लायकर अमोनिया. त्या कपाटातल्या सगळ्या बाटल्यांवर, काचांवर, चिठ्ठ्यांवरसुद्धा पांढरी भुकटी बसलेली असायची. मी नवी होते, दर शनिवारी ओल्या फडक्यानं पुसायची. दोन महिने पुसल्यावर एक दिवस हात थांबला: ही धूळ नाही. दोन्ही बाटल्या बंद झाकणातूनही श्वास सोडतात, आणि त्यांच्या वाफा भेटल्या की हवेत अमोनियम क्लोराईड तयार होऊन खाली बसतं. पुस्तकातला जो प्रयोग मुलांना दाखवतो तोच कपाट रोज करून दाखवत होतं, आणि मी ते पुसून टाकत होते.

तेव्हापासून मांडणी स्वभावानुसार. ॲसिड वेगळी, त्यांतही नायट्रिक सगळ्यांपासून लांब, अमोनिया समोरच्या भिंतीला, जळणारे द्रव लोखंडी कपाटात, परमँगनेट आणि नायट्रेट त्यांच्यापासून दूर. सोडियम अशा कोपऱ्यात की जिथं नळ नाही, गळकं छप्पर नाही, आणि शेजारी पाण्याची नाही तर कोरड्या वाळूची बादली. डब्या बसवण्याआधी हे झालं होतं म्हणून बरं. चुकीच्या मांडणीवर सेन्सर लावला असता तर चूक जास्त अचूक मोजली गेली असती, एवढंच.

पडताळणीत न लागणाऱ्या वस्तूंचं निर्लेखन करायचं असतं. त्या कागदावर सही करताना मला दरवर्षी दिल्लीतलं मायापुरी आठवतं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचं एक उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडलं गेलं, काही माणसं आजारी पडली, एक कामगार गेला. इतकं मोठं विद्यापीठ, इतके जाणकार लोक, पण कपाटात काय आहे हे माहीत असलेलं माणूस आणि निर्लेखनाचा कागद यांची गाठ पडली नाही. म्हणून ‘उपयोग नाही’ एवढं लिहून मी कुठलीही बाटली भंगारात देत नाही. काय आहे, किती आहे, कधी आणलं, हे आधी.

आज चौदा बाटल्या झाल्या. नायट्रिकच्या एका बाटलीचं आतलं झाकण पिवळं पडून ठिसूळ झालं होतं. बदललं.

१०:४०

मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी आली. ती रोज येते, व्हरांड्यातल्या डबीवरचा हिरवा दिवा बघून जाते, कारण ट्रेमधला गळतीचा सेन्सर तिच्या डोक्यातून निघाला आहे.

आधी ट्रेमध्ये तांब्याच्या दोन उघड्या तारा होत्या. द्रव सांडला की दोन तारांमधून वीज वाहणार आणि डबीला कळणार, अशी सोपी युक्ती. तीन आठवड्यांत तारा हिरव्या झाल्या, मग तुटल्या. काहीच सांडलेलं नव्हतं. ॲसिडच्या नुसत्या वाफेनं त्या खाल्ल्या होत्या. तापमानाच्या सेन्सरची टोकंही तशीच गेली. मी त्या तारा हातात घेऊन वर्गात दाखवत होते, तेव्हा ही म्हणाली, “मॅडम, पेन्सिलचं शिसं चालन ना? त्याले ॲसिड खात नाही.” शिसं म्हणतात, पण असतं ते ग्रॅफाईट. वीज वाहून नेतं आणि या ॲसिडच्या वाफेला दाद देत नाही. जाड पेन्सिली सोलून दोन काड्या ट्रेमध्ये बसवल्या, जोड बाहेर काढून मेणात बंद केला. पाच महिने झाले, काड्या जशाच्या तशा आहेत. तापमानाचा सेन्सर आम्ही परीक्षानळीत घातला, वर कोरडी वाळू भरली आणि तोंड मेणानं बंद केलं. काचेमुळं तो दोन-तीन मिनिटं उशिरा बोलतो, पण टिकतो.

दुपारी १२:१०

शाळा सुटली. आत ३४, बाहेर ४२. ३४.६ हा आकडा मी मोबाईलमध्ये वेगळा भरून ठेवला आहे. तो ईथरचा उत्कलनबिंदू. पुस्तकं थंड मुलखातली माणसं लिहितात, त्यांना ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ म्हणणं सोपं जातं. वाशीम जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात टिनाखालच्या खोलीचं तापमान ईथरला बाटलीतच उकळायला लावणारं असतं. त्याची वाफ हवेच्या अडीचपट जड, आणि पेटायला एक ठिणगी पुरे.

खूप वर्षांपूर्वी कुणीतरी सुचवलं होतं की ईथर स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये ठेवा. घरच्या फ्रिजमध्ये दिव्याचं बटण असतं, थंडावा राखणारी कळ असते, दोन्ही ठिणगी पाडू शकतात. बंद पेटीत ईथरची वाफ आणि ठिणगी म्हणजे स्फोटाची तयारीच. प्रयोगशाळांमधले फ्रिज असे फुटलेले आहेत. शेवटी मी ठरवलं की ईथर दिवाळीनंतर मागवायचं, लहान बाटली, आणि फेब्रुवारीच्या प्रात्यक्षिकांत संपवायचं. उन्हाळ्यात या खोलीत ईथर नसतं. आकडा मात्र ठेवला आहे, कारण तो ओलांडला की इतर बाटल्यांचीही झाकणं ताणली जातात. लायकर अमोनियाची बाटली अशा उन्हात उघडली तर तोंडावर उसळते, हायड्रोजन पेरॉक्साईड आपणहून वायू सोडत राहतो.

कूलर लावा, असंही लोक सांगतात. विदर्भात प्रत्येक गोष्टीला कूलर हेच उत्तर असतं. पण कूलर म्हणजे ओलावा, आणि ओलाव्यानं सोडियमला धोका, कॅल्शियम क्लोराईडचं पाणी, लोखंडी कपाटाला गंज. आम्ही छपराला पांढरा चुना दिला, वर हिरवी जाळी बांधली आणि गोदामांवर असतो तसा वाऱ्यानं फिरणारा पंखा बसवला. त्याला वीज नाही, म्हणून ठिणगी नाही. चुन्यानं आतलं तापमान तीन अंशांनी उतरलं. रेघ होती म्हणून हे सांगता येतं.

१:५०

घरी ताट वाढून घेतलं आणि मोबाईल वाजला. ‘वीज गेली, बॅटरीवर आहे.’ हे रोजचं. जेवत होते. २:१५ ला दुसरा संदेश: ‘वीस मिनिटांपासून नोंद नाही.’

हा संदेश डबी पाठवत नाही. डबी गप्प झाली की मोबाईल स्वतः सांगतो. त्या मुलाला मी हाच एक हट्ट धरला होता: धोक्याला ओरडणारी डबी कुणीही करेल, मला डबी गप्प झालेली कळली पाहिजे. ओढणी डोक्यावर घेऊन निघाले. घरचे म्हणाले, “नेट गेलं असन, ऊन उतरू दे.” बहुतेक वेळा नेटच गेलेलं असतं. तरी जाते.

७ मे २०२० ला पहाटे तीनच्या सुमाराला विशाखापट्टणममध्ये एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली आणि शेजारच्या वस्तीत पसरली. बारा माणसं गेली. टाकीला तापमापक होता. पण तो तळाशी होता. थंड करण्याची यंत्रणा संध्याकाळी बंद केली जायची, लॉकडाऊनमध्ये टाकीतला द्रव ढवळला गेला नव्हता, आणि वरच्या थरांत स्टायरीन स्वतःच तापत गेलं. तळाचा आकडा शांत होता. चौकशीचा हा भाग मी वाचला तेव्हा जेवण गेलं नाही. दुसऱ्याच दिवशी आमच्या स्टोअरमध्ये साधे काचेचे दोन तापमापक बांधले, एक खालच्या फळीला आणि एक छपराखाली. वरचा आणि खालचा फरक दुपारी पाच अंशांचा निघाला. भोपाळच्या कारखान्यात तर वायूच्या टाकीचं शीतकरण कित्येक महिने बंद होतं आणि डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री गळती आधी कामगारांच्या डोळ्यांना झोंबली. माणसाच्या डोळ्यांनी सेन्सरचं काम करावं लागावं, ही वेळ कुणावर येऊ नये.

स्टोअरपाशी पोचले. उंबऱ्याशी वाकून वास घेतला, काही नाही. दार उघडून मागं सरले. आत ३८, ट्रे कोरडे, झाकणं जागेवर. डबीवरचा हिरवा दिवा चालू होता. शाळेच्या कार्यालयातल्या राउटरची बॅटरी उतरून तो बंद पडला होता, म्हणून नोंद बाहेर गेली नाही. राउटरला चांगली बॅटरी हवी. वहीत लिहिलं. खिडकीच्या फटी उघड्या ठेवल्या आणि वीज येईपर्यंत व्हरांड्यात सावलीला बसून राहिले. ३:२५ ला वीज आली.

४:३०

उंबऱ्याचा आकडा एकदम चढला. मी तिथंच होते. आमचे परिचर भाऊ व्हरांडा फिनाइलनं पुसत होते. या सेन्सरला फिनाइल, उदबत्तीचा धूर, स्पिरिट, अमोनिया सगळं सारखंच. काहीतरी आहे एवढं तो सांगतो, काय आहे ते सांगत नाही. भाऊ ओशाळले. मी म्हटलं, “पुसा तुम्ही. फक्त पुसायच्या आधी मला सांगत जा, म्हणजे मी वहीत वेळ टाकते.” खोट्या हाका पुसून टाकायच्या नाहीत, त्यांचं कारण लिहायचं, नाहीतर आठवड्याभरात माणसाचा हात आपोआप मोबाईल गप्प करायला शिकतो.

मी नसताना स्टोअर भाऊंकडंच सोपवायचं, हे सकाळी ठरलं होतं; त्यांना बघून पक्कं झालं. त्यांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, धावत दोन मिनिटं.

६:३०

त्यांच्या ओट्यावर बसलो. वहिनींनी चहा ठेवला. स्टोअरची एक चाबी माझ्याकडं, दुसरी कार्यालयाच्या कपाटात असते, आणि त्या कपाटाची चाबी ज्यांच्याकडं ते राहतात वाशीमला. अकोल्याच्या मांडवात मला संदेश आला असता, तर मी काय केलं असतं? मुख्याध्यापकांना सकाळीच विचारलं होतं. त्यांनी कार्यालयातली चाबी काढून दिली आणि चाबीच्या नोंदवहीत भाऊंची सही घेतली.

भाऊंच्या मोबाईलवर नोंदी चालू करून दिल्या. मग मी विचारत गेले, ते सांगत गेले.

“संदेश आला तर?”

“दाराशी जाचं, खाली वाकून वास घ्याचा. आत नाही घुसाचं.”

“वास आला तर?”

“दार लोटाचं, मागं सराचं. लाइट नाही लावाचा, बिडी नाही, मोबाईल पण तिथं नाही काढाचा. दूर येऊन तुम्हाले फोन, मंग सरले.”

“आणि ट्रे ओला दिसला?”

“पाणी नाही टाकाचं. तुम्ही ठेवलेल्या डब्यातला सोडा वरून पसराचा, हातमोजे घालून.” ते थांबले. “अन् सोडियमच्या कोपऱ्यात काही झालं तर वाळू. पाणी बिलकुल नाही.”

“डबी गप्प झाली तर?”

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी जरा विचार केला. “मंग तर आधी जाचं. बोलून राहिली तवरीक ठीक आहे.”

चाबी त्यांनी देवघराच्या खिळ्याला लावली.

रात्री ९:४०

बॅग भरून झाली. गच्चीवर अंथरूण टाकलं, मोबाईल बघितला. ३५ अंश, दार बंद. तेवढ्यात भाऊंचा फोन.

“मॅडम, पस्तीस आलं. बरोबर हाय ना?”

“बरोबर आहे. काल याच वेळेला इतकंच होतं. पहाटेपर्यंत एकतीसला येईल. झोपा आता.”

“हाव.”

९:५० ला पुन्हा वाजला. “दार बंद हाय, ट्रे कोरडे हायेत,” ते म्हणाले, आणि मी विचारायच्या आधीच, “बॅटरी पण भरेल हाय.”